नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक, समाजसेवक आणि मध्यवर्ती कायदेमंडळातील कामगारांचे प्रतिनिधी होते. ना. म. जोशी या नावाने ते अधिक परिचित आहेत. मुंबईतील सोशल सर्व्हिस लीग या संस्थेची स्थापना त्यांनी केली. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता व दोन वेगवेगळ्या कालखंडांत ते तिचे सरचिटणीस होते. कामावर जाणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर रजा मिळावी आणि त्या काळात तिच्या पोटाची सोय कायद्याने व्हावी, यासाठी १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. परंतु पुढच्या पंधरा वर्षांत प्रांतोप्रांती जे प्रसूती लाभ कायदे झाले, त्यांच्या पूर्वपीठिकेत या विधेयकाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

प्रारंभिक जीवन

जोशी यांचा जन्म तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. हे गोरेगाव माणगाव तालुक्यातील असून मुंबईच्या त्याच नावाच्या उपनगराशी त्याचा संबंध नाही. त्यांचे पुढील शिक्षण पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेज येथे झाले. १९०१ साली बी. ए. झाल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षे शिक्षकाची नोकरी केली. १९०९ साली ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य झाले. समाजाचे सदस्य अल्प मानधनावर आजन्म देशसेवेचे व्रत घेत. माहिती गोळा करायची, आकडे तपासायचे, मग सरकारपुढे आणि लोकांपुढे मागणी मांडायची, ही गोखल्यांची कार्यपद्धती जोशी यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांच्या कामगिरीचे बळ आणि तिच्यावर झालेली टीका या दोहोंचे मूळ या पद्धतीत सापडते.

सोशल सर्व्हिस लीग

१९११ साली जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. सर नारायण चंदावरकर हे तिचे अध्यक्ष होते. परळ, लालबाग, भायखळा या गिरणगावाच्या भागांत लीगने रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवल्या. काही गिरणी मालकांनी कामगारांसाठी उघडलेल्या कल्याण केंद्रांचे व्यवस्थापनही लीगकडे सोपवण्यात आले होते.

या कामामुळे गिरणी कामगाराचे घर जोशी यांना आतून पाहावयास मिळाले. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे दोन-तृतीयांश लोक एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. अनेकदा एकाच खोलीत दोन कुटुंबे असत. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतून आलेले पुरुष गिरणीत लागत आणि त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत सूत गुंडाळण्याच्या कामाला जात. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा होते. त्यांना कामावर घेणे व काढणे हे बहुतांशी खात्यावरच्या नायकिणीच्या हाती असे. बाळंतपणासाठी गेलेल्या स्त्रीची जागा राखून ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते. परत आल्यावर ती मिळावी म्हणून पुन्हा नायकिणीचीच मर्जी सांभाळावी लागे.

वॉशिंग्टन परिषद, १९१९

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरली. भारत सरकारने कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी यांची नेमणूक केली. मद्रासचे कामगार नेते बी. पी. वाडिया त्यांचे सल्लागार होते. ही निवड सरकारने केली, कामगार संघटनांनी नव्हे, या मुद्द्यावर देशात नाराजी व्यक्त झाली. पुढल्या परिषदांसाठी प्रतिनिधी सुचवण्याचा अधिकार सांगू शकेल अशी देशव्यापी संघटना हवी, ही जाणीव त्यातून बळावली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे हे एक कारण होते. ज्यांच्या नेमणुकीवरून वाद झाला, ते जोशी स्वतः या संघटनेच्या उभारणीत सहभागी होते.

वॉशिंग्टनच्या परिषदेने केलेल्या करारांपैकी तिसरा करार बाळंतपणाविषयीचा होता. कारखान्यांतील आणि व्यापारी आस्थापनांतील स्त्रीला प्रसूतीनंतर सहा आठवडे कामावर घेऊ नये. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे, वैद्यकीय दाखला दिल्यास, तिला काम सोडण्याचा हक्क असावा. या काळात तिचे आणि मुलाचे आरोग्यपूर्ण पोषण होईल एवढी रक्कम तिला मिळावी. गैरहजेरीत तिला कामावरून काढू नये. परत आल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मोकळीक असावी, अशा त्यातील प्रमुख तरतुदी होत्या. परिषदेत मतदानाचा हक्क असलेल्या प्रतिनिधींत एकही स्त्री नव्हती. स्त्रिया केवळ सल्लागार म्हणून उपस्थित होत्या.

या कराराचे एक कलम पुढील इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. स्त्रीला द्यायची रक्कम सार्वजनिक निधीतून अथवा विमा योजनेतून यावी, असे त्यात म्हटले होते. ज्या मालकाकडे ती काम करते त्याच्या खिशातून ती जावी, असे करारात अभिप्रेत नव्हते. भारतापुरता मात्र हा करार लगेच लागू करण्याचा प्रश्न आला नाही. परिषदेने भारत सरकारला या विषयाचा अभ्यास करून पुढील परिषदेस अहवाल द्यावा, एवढीच सूचना केली. सरकारने प्रांतांकडून मते मागवली आणि सक्तीचा कायदा सध्या व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष काढला. बहुसंख्य स्त्रिया बाळंतपणासाठी गावी निघून जातात, दाखले देण्यासाठी स्त्री डॉक्टर पुरेशा नाहीत, अशी कारणे पुढे करण्यात आली.

मुंबईच्या गिरण्यांतील परिस्थिती

सरकारचे पहिले कारण वस्तुस्थितीला धरून होते. कोकणातील आणि घाटावरील स्त्री, विशेषतः पहिल्या बाळंतपणाला, माहेरी जात असे. तथापि त्यासाठी तिला कामाची जागा सोडावी लागे, गावी असेपर्यंत मजुरी बंद राही आणि प्रवासखर्चासाठी बहुधा कर्ज काढावे लागे. ज्यांना जाणे परवडत नसे त्या चाळीतील खोलीतच सुइणीच्या मदतीने बाळंत होत आणि शक्य तितक्या लवकर कामावर परतत. गावी जाणे हा रजेला पर्याय नव्हता. ती बिनपगारी आणि बिनहमीची रजाच होती.

मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले. या कार्यालयाच्या वतीने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरने गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२२ साली कार्यालयाच्या लेबर गॅझेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अंधाऱ्या खोल्यांतील प्रसूती, अगदी दिवस भरेपर्यंत चालू असलेले काम आणि आई गिरणीत असताना मूल शांत राहावे म्हणून त्याला दिली जाणारी अफूची गोळी, या गोष्टी त्यातून सरकारी कागदोपत्री आल्या. या बाळगोळीचा उल्लेख पुढील अनेक चौकशी अहवालांत येतो. त्यात आईला दोष देणारे लिखाणही पुष्कळ आहे. मुलाला कोणाजवळ ठेवून तिने कामावर जावे, हा प्रश्न मात्र त्यांपैकी थोड्यांनीच विचारला.

त्याच सुमारास मुंबईच्या बालमृत्यूच्या आकड्यांनी खळबळ उडाली. १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याचे नगरपालिकेच्या नोंदींवरून दिसत होते. हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पुष्कळ मुले गावी जन्मत, त्यामुळे मुंबईच्या जन्मनोंदीत ती येत नसत. परंतु आईबरोबर शहरात आल्यावर मेली तर मृत्यूची नोंद मुंबईत होई. ही सूट दिली तरी गिरणगावातील एका खोलीच्या बिऱ्हाडांतील मृत्युमान शहराच्या इतर भागांपेक्षा फार अधिक होते, याविषयी दुमत नाही. काही गिरण्यांनी या सुमारास आपण होऊन बाळंतपणाचा भत्ता आणि पाळणाघरे सुरू केली होती. पण त्यांची संख्या थोडी होती आणि तो मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता.

१९२४ चे विधेयक

जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त प्रतिनिधी होते आणि जवळजवळ पाव शतक ते या जागेवर राहिले. पहिल्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी कामगार संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा हे त्याचे फलित होय. १९२२ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा यांवरील चर्चांतही त्यांनी भाग घेतला.

सप्टेंबर १९२४ मध्ये त्यांनी प्रसूती लाभ विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि चहामळे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी व नंतर काही आठवडे रजा द्यावी आणि त्या काळात भत्ता मिळावा, असा त्याचा आशय होता. मध्यवर्ती कायदेमंडळापुढे या विषयावर आलेले हे पहिले विधेयक. खाणी आणि मळे यांचा समावेश ही त्यातील धाडसाची बाब होती. शहरी गिरणीतील स्त्री निदान वृत्तपत्रांना आणि समाजसेवकांना दिसत होती. झरियाच्या कोळसा खाणीत जमिनीखाली टोपली वाहणारी किंवा आसामच्या मळ्यावर पाने खुडणारी स्त्री त्या मानाने सार्वजनिक चर्चेच्या पूर्ण बाहेर होती.

सरकार आणि मालक या दोघांनीही विधेयकास विरोध केला. स्त्रियांकडून अशी मागणी आलेली नाही, ज्या मालकांनी स्वेच्छेने योजना चालवल्या आहेत त्या सक्तीमुळे बंद पडतील, आणि खर्च अंगावर आला तर मालक स्त्रियांना कामावर घेणेच टाळतील, असे युक्तिवाद झाले. यांतील पहिला युक्तिवाद तकलादू होता. ज्या स्त्रियांना मताधिकार नव्हता, ज्यांच्या संघटना नव्हत्या आणि ज्यांची नोकरी नायकिणीच्या शब्दावर अवलंबून होती, त्यांनी मागणी नोंदवावी तरी कोठे? शेवटचा युक्तिवाद मात्र पुढे काही अंशी खरा ठरला. १९२५ साली विधेयक नामंजूर झाले.

जोशी यांच्या जागेची मर्यादा येथे लक्षात घेण्यासारखी आहे. ते सरकारनियुक्त सभासद होते, त्यांच्यामागे पक्ष नव्हता आणि कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते बहुतेक वेळा एकटेच असत. कायदेमंडळातील राष्ट्रवादी सभासदांपैकी अनेकांचे हितसंबंध देशी गिरणी मालकांशी जोडलेले होते. परदेशी कापडाशी स्पर्धा करणाऱ्या देशी उद्योगावर नवा बोजा नको, ही भूमिका त्या काळी देशभक्तीची मानली जाई. जोशी यांच्या अनेक सूचना पहिल्या फेरीत पडल्या आणि काही वर्षांनी, पुष्कळदा सौम्य रूपात, सरकारी विधेयकातून परत आल्या.

मुंबईचा १९२९ चा कायदा

मध्यवर्ती विधेयक फेटाळले गेल्यावर हा विषय प्रांतांकडे वळला. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले यांनी प्रसूती लाभ विधेयक मांडले. जोशी या कौन्सिलाचे सभासद नव्हते. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कौन्सिलात या विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे सार्वजनिक हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे. तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्याने त्याच्यावर तो टाकण्यातही अन्याय नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

ही चर्चा चालू होती तेव्हा मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद होत्या. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप त्या वेळी ऐन भरात होता. १९२६ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे अध्यक्ष या नात्याने जोशी, साम्यवादी नेत्यांबरोबर, संयुक्त संप समितीत होते. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांचे मतभेद तीव्र होते, तरी वाटाघाटी त्यांनी एकत्र केल्या.

मुंबईचा कायदा १९२९ साली अमलात आला. भारतातील हा पहिला प्रसूती लाभ कायदा होय. कारखान्यात ठरावीक मुदतीची नोकरी झालेल्या स्त्रीला सात आठवड्यांपर्यंत दररोज आठ आणे द्यावेत, प्रसूतीनंतर चार आठवडे तिला कामावर घेऊ नये आणि रजेच्या काळात कामावरून काढल्याची नोटीस देऊ नये, असे त्यात होते. वॉशिंग्टनच्या बारा आठवड्यांशी तुलना करता ही तरतूद तोकडी होती. आठ आणे हा दर सरसकट असल्याने त्याहून अधिक कमावणाऱ्या स्त्रीचे रजेच्या काळातील उत्पन्न घटत असे. खाणी आणि मळे अर्थातच बाहेर राहिले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निधी किंवा विमा यांऐवजी सगळा खर्च त्या त्या मालकावर टाकण्यात आला.

मध्य प्रांताने १९३० साली, मद्रासने १९३४ साली, संयुक्त प्रांताने १९३८ साली आणि बंगालने १९३९ साली अशाच स्वरूपाचे कायदे केले. खाणींतील स्त्रियांसाठी मध्यवर्ती कायदा १९४१ साली झाला, म्हणजे जोशी यांनी खाणींचा उल्लेख असलेले विधेयक मांडल्यानंतर सतरा वर्षांनी.

शाही कामगार आयोग आणि नागपूरची फूट

१९२९ साली ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील कामगारांविषयी शाही आयोग नेमला. जोशी आणि दिवाण चमनलाल हे आयोगावर कामगारांच्या बाजूचे सभासद होते. त्याच वर्षी नागपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात आयोगावर बहिष्कार घालण्याचा ठराव संमत झाला. १९२५ पासून सरचिटणीस असलेले जोशी आपल्या मवाळ सहकाऱ्यांसह संघटनेबाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला.

जोशी यांच्या चरित्रातील हा सर्वांत वादग्रस्त प्रसंग आहे. साम्राज्य सरकारच्या आयोगावर बसून कामगारांचे हित साधत नाही, उलट लढ्याची धार बोथट होते, असे डाव्या गटाचे म्हणणे होते. जोशी यांना आयोगाचे व्यासपीठ सोडणे मान्य नव्हते. आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या. त्यांत कामगार स्त्रियांच्याही साक्षी होत्या. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशभर प्रसूती लाभाचे कायदे करण्याची शिफारस करण्यात आली. त्या शिफारशीचा परिणाम मद्रास, संयुक्त प्रांत आणि बंगाल यांच्या कायद्यांवर दिसतो. बहिष्काराची बाजू घेणाऱ्यांनीही पुढे या अहवालातील माहितीचा भरपूर उपयोग केला, ही गोष्ट नमूद करावी लागते.

कायद्याचे परिणाम आणि टीका

कायदा झाल्यावर मुंबईत दोन गोष्टी घडल्या. बाळंतपणाचा भत्ता मिळू लागल्याने हजारो स्त्रियांना प्रथमच रजेच्या काळात हाती पैसे आले. त्याच वेळी गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटू लागले आणि ती घट पुढील दशकांत थांबली नाही. त्याला अनेक कारणे होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत नवी यंत्रे आली, खर्चकपातीच्या योजना सुरू झाल्या आणि स्त्रियांना रात्रीच्या कामास कायद्याने बंदी असल्याने पाळ्या वाढल्या तेव्हा पुरुष कामगार सोयीचा ठरला. स्त्री घेतली तर भत्ता द्यावा लागतो, हा हिशेबही त्यांत होता. दिवस गेल्याचे लक्षात येताच, रजेचा हक्क लागू होण्यापूर्वीच, कामावरून कमी करण्याच्या तक्रारी होत. नोकरीच्या मुदतीची अट असल्याने बदली म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा अपात्र ठरत.

या घटीचा दोष प्रसूती लाभाच्या कल्पनेला द्यायचा की तिचा खर्च एकट्या मालकावर टाकण्याच्या पद्धतीला, हा प्रश्न अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे. वॉशिंग्टनच्या करारात सुचवल्याप्रमाणे पैसा सार्वजनिक निधीतून आला असता, तर एका गिरणीने स्त्रिया कमी करून वाचवण्यासारखे काही उरले नसते. जोशी यांच्यावर आणखी एक आक्षेप घेता येतो. त्यांच्या संघटनांच्या नेतृत्वात गिरणीतील स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. त्यांच्यासाठी बोलणारे पुष्कळ झाले, पण त्यांना समितीत बसवण्याचा प्रयत्न अल्प झाला. हा आक्षेप त्या काळच्या सर्वच कामगार नेत्यांना कमी-अधिक लागू पडतो.

उत्तरकाळ

जोशी यांनी लंडनमधील तिन्ही गोलमेज परिषदांत कामगारांचे प्रतिनिधित्व केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम पाहिले. ट्रेड युनियन चळवळीतील फूट सांधण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १९४० साली दोन्ही प्रवाह एकत्र आल्यावर जोशी पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले. १९४८ पर्यंत ते या पदावर होते. ज्या साम्यवाद्यांशी बिनसून ते १९२९ साली बाहेर पडले, त्यांच्याबरोबरच या काळात त्यांनी काम केले.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य पाहणी आणि विकास समितीचे (१९४३–४६) ते सदस्य होते. या समितीने कामगार स्त्रियांसाठी प्रसूतीपूर्वी सहा आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांची रजा सुचवली. १९१९ च्या कराराचे माप ते हेच. १९४६ साली नेमलेल्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगावरही जोशी यांची नेमणूक झाली होती.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कारखान्यांतील स्त्रियांसाठी बारा आठवड्यांचा प्रसूती लाभ विम्याच्या निधीतून देण्याची व्यवस्था केली. मालकाच्या खिशाऐवजी सामायिक निधी, हे तत्त्व अशा रीतीने भारतीय कायद्यात आले; पण ते विमा योजना जेथे पोहोचली तेवढ्यापुरतेच. प्रांतिक कायद्यांच्या जागी आलेल्या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा ठेवली आणि खर्च पुन्हा मालकावरच सोपवला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही मुदत २६ आठवडे केली. त्या दुरुस्तीवेळीही, वाढीव खर्चामुळे लहान आस्थापना स्त्रियांना नोकरी देण्यास कचरतील, ही १९२५ सालची शंका नव्याने व्यक्त झाली. शेतमजुरी, घरकाम यांसारख्या असंघटित कामांतील बहुसंख्य स्त्रिया या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. १९१९ च्या करारास आणि त्याच्या नंतर आलेल्या सुधारित करारांस भारताने मान्यता दिलेली नाही.

स्मृती

३० मे १९५५ रोजी जोशी यांचे निधन झाले. मुंबईतील लोअर परळ भागातून जाणाऱ्या पूर्वीच्या डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे. जुनी माणसे अजूनही त्याला डिलाईल रोडच म्हणतात. जेथील स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी जोशी कायदेमंडळात बोलत होते, त्या गिरण्यांच्या आणि चाळींच्या वस्तीतूनच हा रस्ता जातो. गिरण्यांच्या जागी आता बहुतांशी कार्यालये आणि उंच इमारती उभ्या आहेत.